भोवरकान्याचं बीळ

९ फेब्रुवारी

आज साहेबांचं पत्र आलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझी नोंदवही वाचली, आणि माझ्या पाचावर धारण बसली.

नोंदवही म्हणजे तलावाची. रोज सकाळी सात वाजता मोजपट्टी बघायची, पाणी किती फूट ते लिहायचं, पाणी सोडायचा दरवाजा उघडा की बंद ते लिहायचं, आणि शेवटच्या रकान्यात शेरा मारायचा. एवढ्याचसाठी मला इथे ठेवलंय. बांधाखालच्या वस्तीत मला सगळे पातळीबाबा म्हणतात. खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नाही.

सात वर्षांपूर्वी बांधाच्या पायथ्याशी पाझर लागला. मी शेऱ्यात लिहिलं, 'पाझर आहे, येऊन बघावा.' रोज लिहिलं. आठ महिने लिहिलं. वरून हूं नाही की चूं नाही. मग एके दिवशी डोकं फिरलं आणि त्याच ओळीखाली लिहिलं, 'आज बांधाजवळ भोवरकान्या दिसला. मांजराएवढा, पाठ शेवाळी. कानात भोवरा आहे. एका कानातून पाणी घेतो, दुसऱ्यातून सोडतो.' म्हटलं, आता तरी कोणी विचारेल की पातळीबाबा, डोकं ठिकाणावर आहे ना? तेही कोणी विचारलं नाही. मग मला खोडच लागली. भोवरकान्या काय खातो, कुठे निजतो, कशावरून रुसतो. पुढे त्याला शेजारी दिले. तळाशी पालथी पडून राहणारी लाजरी चाटू, आणि पावसाआधी वर येऊन एक लांब श्वास सोडून परत बुडणारी सुस्कारी. सहा वर्षं हे चाललंय. वरच्या ओळीत पाझर, खालच्या ओळीत प्राणी.

पत्रात लिहिलंय, 'आपल्या दीर्घ व बारकाईच्या निरीक्षणाबद्दल अभिनंदन. संशोधक बाई प्रत्यक्ष पाहणीसाठी येत आहेत, सहकार्य करावे.' पाझराबद्दल एक अक्षर नाही.

सरकारी वहीत आता काय लिहावं ते सुचेना, म्हणून ही घरची वही काढली. इथे तरी खरं लिहीन.

१० फेब्रुवारी

बादली: एकोणचाळीस मिनिटं.

पाझराच्या तोंडाशी मी नळीचा एक तुकडा बसवलाय. खाली बादली ठेवायची आणि घड्याळ बघायचं. सात वर्षांपूर्वी भरायला अडीच तास लागायचे. पाणी अजून स्वच्छ आहे. स्वच्छ आहे तोवर फार घाबरायचं कारण नाही. गढूळ यायला लागलं की समजायचं, आतून माती वाहून चालली. हे मला माझ्या आधीच्या पातळीवाल्याने शिकवलं. त्याने दुसरं काहीच शिकवलं नाही, पण हे शिकवलं.

१४ फेब्रुवारी

बाई आल्या की पहिल्या वाक्यातच कबूल करायचं, असं ठरवून दाढी केली होती.

बाई तरुण आहेत, चपला हातात घेऊन चिखलात उतरल्या. त्यांनी माझ्या सहाच्या सहा वर्षांच्या वह्या वाचल्यात. मी तोंड उघडणार तोच म्हणाल्या, "थांबा, मला आधी हे वाचू द्या," आणि मलाच माझं वाचून दाखवलं. 'पिल्लू एकदा बिळातून गेलं की मोठा भोवरकान्या त्याची जागा रिकामी ठेवतो. थंडी असली तरी त्या बाजूला पाय पसरत नाही.' मग वही मिटून म्हणाल्या, "इतकी वर्षं एकट्याने बघत होतात. कोणाला सांगावंसं नाही वाटलं?"

असं मला कोणी विचारलं नव्हतं. कबुली तोंडातच राहिली.

मग त्या थेट पाझरापाशी जाऊन बसल्या. "हेच ना बीळ?" म्हटलं, "बाई, हा पाझर आहे." म्हणाल्या, "हो, पण पाझर इथेच का आहे? कोणीतरी पोखरलंय म्हणूनच ना?" आणि माझी नळी हळूच काढून बाजूला ठेवली. त्या गेल्यावर मी ती परत बसवली.

२ मार्च

वर्तमानपत्रात माझा फोटो आला. बांधावर उभा आहे, डोळे मिटलेले.

दुपारी लेक आली, नातीला, चिंगीला घेऊन. लेकीचं घर बांधाखाली दुसऱ्या ओळीत. वर टेकडीवर माझ्या खोलीपर्यंत यायला एकशे बारा पायऱ्या, पण तिची आई गेल्यापासून ती वर्षातून दोनदा-तीनदाच चढते. मीही बोलावत नाही. कामं असतात माणसांना. आज मात्र दारातूनच, "बाबा, तुम्ही तर मोठे झालात!" चिंगी तर माझ्याकडे असं बघत होती, जसा काही भोवरकान्या मीच आहे.

लेकीने वर्तमानपत्र मांडीवर घेऊन सगळं पुन्हा वाचलं आणि हसत म्हणाली, "आणि कानात पाणी अडकलं की डाव्या पायावर उड्या मारतो, हो ना?" हे मी कुठेच लिहिलेलं नाही. पोरीला भर घालायची हौस लहानपणापासूनची. डोक्यावरून पाणी घेताना काय आकांत करायची! तास तास मी काहीबाही सांगत बसायचो तेव्हा कुठे अंघोळ व्हायची. काय सांगायचो ते आता आठवत नाही.

जाताना म्हणाली, "येते हं बाबा परत." बादली बघायची राहून गेली.

२१ मार्च

पायथ्याशी फलक लागला. बिळापासून पन्नास पावलांत खणू नये, बुजवू नये, मोठ्याने बोलू नये. तळाचा दरवाजा हलवू नये, प्राण्याला धक्का बसतो. दरवाजाच्या चाकाला साखळी घातली आणि किल्ली साहेब घेऊन गेले.

म्हणजे सात वर्षं मी ओरडत होतो तेव्हा पाझर बुजवायला कोणी आलं नाही, आणि आता कोणी यायचं म्हटलं तर मनाई आहे. ती मनाई माझ्याच अक्षरातून निघालीय. दिवसभर हसू येत होतं, पण ते चांगलं हसू नव्हतं.

बादली: चौतीस.

८ एप्रिल

राहवेना, म्हणून शिंप्याकडे जाऊन सगळं ओकून टाकलं. शिंपी माझा एकुलता एक मित्र. बांधाखालचं पहिलंच दुकान त्याचं. सकाळी वारा पडलेला असला की त्याच्या मशीनचा आवाज मला वर ऐकू येतो. तो आवाज आला की मी पातळी लिहायला घेतो.

भोवरकान्या खोटा, चाटू खोटी, सुस्कारी खोटी, हे ऐकून तो इतका हसला की तोंडातल्या टाचण्या काढून ठेवाव्या लागल्या. "मला वाटलंच होतं. असल्या प्राण्याबिण्यावर मी नाही विश्वास ठेवत." मला केवढं हायसं वाटलं. म्हटलं, पण पाझर खरा आहे. बांध धोक्यात आहे. तू दुकान हलव.

तो सुई ओवत म्हणाला, "पातळीबाबा, सहा वर्षं ज्याने त्याच वहीत थापा मारल्या, त्याच्या पाझरावर मी कसा विश्वास ठेवू? तूच सांग."

त्याने माझ्या शर्टाची झिजलेली कॉलर उलटून शिवून दिली आणि चहा पाजून परत पाठवलं.

६ मे

साहेबांच्या कचेरीत जाऊन लेखी कबुली दिली. 'सदर प्राणी मी मनाने रचले आहेत.' साहेबांनी ती दोनदा वाचली.

"शिक्षण किती तुमचं?"

"सातवी."

"मग? हे सहाशे पानांचं मनाने रचायला लेखक लागतो हो." मग खुर्ची पुढे ओढून, अगदी मायेने, "दडपण आलंय का? एवढे लोक येतात, फोटो काढतात, होतं माणसाला असं. आठ दिवस रजा घ्या."

मी म्हटलं, रजा नको, दरवाजा उघडा. पाणी पाच फूट तरी उतरवा. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि शिपायाला माझ्यासाठी रिक्षा बोलवायला सांगितलं. कबुलीचा कागद त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला. माझ्या भल्यासाठीच म्हणे.

मी वेडा आहे असं म्हणाले असते तर भांडता आलं असतं. ते तर आदराने वागतात. त्याच्यापुढे काय करणार?

१५ जून

पातळी एकवीस फूट. पंधरा दिवस पाऊस चालू आहे. बादली: सोळा.

आणि आज पाणी गढूळ आलं.

हात धुतल्यावर ताटात उरतं तसं, फार नाही. पण बादलीच्या तळाशी बोटभर माती बसली. मी ती चिमटीत घेऊन बसून राहिलो. बाईंना निरोप पाठवला. बाई पळत आल्या, माती बघितली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पातळीबाबा, तो आतून खणतोय. पिल्लांसाठी जागा करतोय."

२० जून

अक्कल गहाण टाकली होती ती आज सोडवून आणली असं वाटलं. माझं खरं कोणी मानत नाही ना? मग खोटंच कामाला लावू. सरकारी वहीत झोकात लिहिलं, 'भोवरकान्याला विणीच्या काळात उथळ पाणी लागतं. पातळी पंधरा फुटांच्या वर असेल तर पिल्लं बुडून मरतात. तरी दरवाजा तातडीने उघडून पाणी उतरवावे.'

लिहून झाल्यावर स्वतःवर इतका खूश झालो की चहात दोनदा साखर घातली.

२९ जून

उत्तर आलं. बाईंनी तपासून लिहिलंय, 'निरीक्षण चुकीचे वाटते. भोवरकान्या खोल पाण्याचा प्राणी असून पातळीतील घट त्यास घातक ठरेल. निरीक्षकाचे वय लक्षात घेता यापुढील नोंदींची फेरतपासणी व्हावी.'

म्हणजे माझ्या भोवरकान्याचं आता मलाच कळत नाही! पत्र चार वेळा वाचलं. राग येत नव्हता. आपलं पोर मोठं होऊन आपल्यालाच ओळख दाखवेनासं झालं की जसं होईल, तसं काहीतरी होत होतं.

पातळी चोवीस. बादली: नऊ.

३ जुलै

बादली: पाच. पाणी चहासारखं.

आज स्वतःच पायऱ्या उतरून लेकीकडे गेलो. चिंगीने माझं स्वागत भोवरकान्याचं चित्र हातात देऊन केलं. लेकीला बाजूला घेऊन म्हटलं, बयो, बांध राहत नाही. दोन दिवस, फार तर तीन. तू पोरीला घेऊन वर माझ्याकडे चल. जावईबापूंनाही आण.

वाटलं, हसेल. ती हसली नाही. विचारलं, "बादली किती मिनिटांत भरते?"

"पाच."

"गढूळ?"

"हो."

ती ओट्याला टेकली. म्हणाली, "मी तर येईन बाबा. पण खाली चाळीस घरं आहेत. चारशे माणसं. त्यांचं काय?" म्हटलं, मी सकाळपासून दारोदार फिरलो. पहिल्या घरी म्हणाले, बिळात भोवरकान्या असताना बांधाला काय धाड भरलीय. दुसऱ्या घरी आत बोलावून माझ्यासोबत फोटो काढला. पुढे जाण्यात राम उरला नाही.

खरं म्हणजे त्याच वेळी तिला बाकीचंही सांगायचं होतं, की तो भोवरकान्याच नाही. पण एवढ्या वर्षांनी माझ्याबद्दल अभिमान वाटलाय तिला. तिच्या तोंडाकडे बघून धीर झाला नाही. भ्याड आहे मी.

मग तीच म्हणाली, "बाबा, लोक तुमचं नाही ऐकणार. भोवरकान्याचं ऐकतील. तुम्ही सांगा ना, अमक्या दिवशी तो पिल्लं घेऊन वर येणार आहे. टेकडीवर बसून बघायला मिळेल. सगळ्यांना बोलवू. पुढचं माझ्यावर सोडा."

भाबडी बिचारी. तिचा त्याच्यावरचा विश्वास बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण युक्ती चांगली आहे.

४ जुलै

लेक आणि चिंगी मिळून चाळीसही घरं फिरल्या. उद्या सकाळी आठपासून टेकडीवर. आजारी, म्हातारी माणसं जावईबापू पाठीवरून आणणार आहेत. बाईंनी यायचं कबूल केलं, पण म्हणाल्या, "हे दिवसाढवळ्या वर येण्याचं तुमच्या आधीच्या नोंदींशी जुळत नाही हं." मी म्हटलं, "बाई, त्याने विचार बदलला असेल."

बादली: साडेतीन.

५ जुलै

बादली सकाळी: दोन मिनिटं. पाणी नव्हतंच ते, चिखल होता.

सात वाजता शिंप्याकडे गेलो. तो शटर वर करत होता. हात जोडले, खरोखर जोडले. म्हटलं, आजचा एक दिवस वर चल. तो म्हणाला, "तुझं गुपित मी कोणाला सांगितलं नाही, हे काय कमी केलं? आता त्या न झालेल्या पिल्लांना बघायला पण येऊ?" मी ओढायला लागलो तर मात्र चिडला. "मी तुझा मित्र आहे, तुझा प्रेक्षक नाही."

टेकडीवर सगळे आले. सतरंज्या, डबे, छत्र्या. साहेबही आले, घरच्यांना घेऊन. पाऊस थांबला होता. मी बोटाने गप्प बसायची खूण केली आणि चारशे माणसं गप्प बसली, तान्ह्या पोरांसकट. असली शांतता मी तलावावर कधी ऐकली नव्हती. खालून फक्त शिंप्याचं मशीन ऐकू येत होतं. चालायचं, थांबायचं, चालायचं.

दहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजले. लोक जांभया देऊ लागले. पोरं रडायला लागली. एकजण सतरंजी झटकून उठला, मग त्याच्या मागे दहा-बारा जण उठले. "पातळीबाबा, आज काही खरं नाही, घरी कामं पडलीत." साहेब घड्याळ बघत होते. काय म्हणणार होतो? बसा, तुमची घरं जायचीत?

बायका पायऱ्यांपर्यंत पोचल्या होत्या तेव्हा लेक किंचाळली, "तो बघा! कान! कान दिसले!"

सगळे मागे पळाले. कुठे, कुठे? ती सांगत होती, त्या लाकडाच्या डावीकडे, आत्ता बुडाला, पिल्लू पाठीवर होतं. मग कोणीतरी म्हणालं, हो हो, मला पण दिसला. मग दुसरा. साहेबांच्या मिसेसना दोन दिसले. बाई दुर्बीण इकडून तिकडे फिरवत होत्या. पायऱ्यांवर एक माणूस उरलं नाही.

मीही बघितलं. पाण्यात काही नव्हतं. लेकीचं बोट पाण्याकडे होतं, पण डोळे माझ्याकडे होते. तिला खरंच काही दिसलं असेल का? बोलता बोलता ती डाव्या पायावर उभी होती.

आणि खाली मशीन चालूच होतं. मला ते ऐकवेना. म्हटलं, उचलून आणतो मेल्याला. पायऱ्या उतरायला लागलो. चाळीसाव्या पायरीवर होतो तेव्हा पायाखालची पायरी हलली. मग आवाज आला. मी वर्णन करणार नाही. मी बांध बसताना बघितला, पाणी पहिल्या ओळीत शिरताना बघितलं. दुकानाचं शटर एकदा वर आलं आणि गेलं.

मी पायरीवर बसून होतो. मागून लेकीने येऊन माझ्या काखेत हात घातले आणि मला वर ओढलं.

७ जुलै

चारशे सहा माणसं जिवंत. एक गेला.

ज्यांनी माझं खोटं खरं मानलं ते सगळे वाचले. ज्याला मी खरं सांगितलं तो एकटा मेला. दोन दिवस हेच एक वाक्य डोक्यात फिरतंय आणि ते कोणाला सांगायची सोय नाही. रडू येतं. सकाळी सात वाजता कान टवकारतात आणि काही ऐकू येत नाही.

१२ ऑगस्ट

चौकशी झाली. मी पुन्हा सगळं सांगितलं, प्राणी खोटे, पाझर खरा, वही बघा. वही बघायला गेले तर बाईंनी अभ्यासासाठी शेऱ्यांची कात्रणं काढून नेलीत. कात्रणांत प्राण्यांची ओळ ठेवलीय, वरची पाझराची ओळ कापून टाकून दिलीय. म्हणाले, "अशी नोंद आढळत नाही." मग टेकडीवरच्या लोकांचे जबाब घेतले. एकशे नव्वद जणांनी शपथेवर सांगितलं की भोवरकान्या दिसला. लेकीचा जबाब सर्वांत मोठा आहे म्हणे, चार पानं.

निष्कर्ष असा: प्राण्याला धोक्याची चाहूल लागली, तो पिल्लांसह वर आला आणि त्याच्यामुळे लोक वाचले. माझी चूक नाही. सही करा म्हणाले. केली.

१८ ऑक्टोबर

साहेब नव्या बांधाचा नकाशा घेऊन माझ्या खोलीवर आले. चांगला जाड बांध आहे, खाली दगडी अस्तर आहे. मी बोटाने सगळं बघत गेलो. पायथ्याशी एक गोल काढलेला होता, हातभर रुंद.

"हे काय?"

"बीळ," साहेब म्हणाले. "ते परत आले तर जागा हवी ना. लोकांचीच मागणी आहे. बाईंनी माप दिलं, तुमच्याच वहीतून."

बांधाला भोक ठेवून बांध बांधणार. मी म्हटलं, साहेब, पाया पडतो. साहेब म्हणाले, "अहो, पाया कसले पडता, आम्ही तुमच्या पडायला हवं."

खाली घरंही तिथेच उठणार आहेत, त्याच ओळींत. दुसऱ्या ओळीत लेकीच्या घराचा चौकोन आहे. पहिल्या ओळीतला कोपऱ्याचा चौकोन रिकामा सोडलाय.

संध्याकाळी लेक आली. तिला नकाशातला गोल दाखवला. तिने त्यावरून बोट फिरवलं. म्हणाली, "तुमची बादली वाहून गेली ना?"

म्हटलं, हो.

१९ ऑक्टोबर

लेकीने नवी बादली आणून दिली. आतून माप म्हणून रेघाही मारून आणल्यात. आणि एक घड्याळ, तिच्यासाठी. म्हणाली, "मला शिकवा बाबा. रोज सकाळी सातला येत जाईन मी."